वस्ती वाचायची कशी? सोलापुरात क्षेत्रकार्य सुरू करणाऱ्यांसाठी समाजशास्त्राची वापरपुस्तिका

क्षेत्रकार्याच्या अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘पालक अशिक्षित असल्याने त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही. समुपदेशन केले.’ आठवीतली मुलगी शाळेत जात नाही, एवढंच गृहभेटीत कळलेलं असतं आणि त्यावर हे वाक्य लिहून फाइल बंद होते. त्यात मुलीची आई दिवसभर काय करते याचा पत्ता नसतो. नळाला पाणी कधी येतं, घरात कोणाचा शब्द चालतो, कर्जाचा हप्ता कोणत्या वारी भरायचा, हेही नसतं. समाजशास्त्राचा पेपर पहिल्या सत्रात लिहून झाला की विद्यार्थी तो मागे टाकतात आणि वस्तीत जाताना फक्त चांगुलपणा घेऊन जातात. चांगुलपणा हवाच, पण त्यावर निदान होत नाही.

हा लेख समाजकार्याच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थेत नुकत्याच लागलेल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातली, विडी वळणाऱ्या बायकांची गल्ली घेतली आहे. पद्धत इतर वस्तीतही चालते, मात्र तपशील तिथले शोधावे लागतील.

जाण्याआधी : वस्ती इथे का आहे?

कोणतीही वस्ती आपोआप वसत नाही. तेव्हा पहिला आठवडा ‘ही माणसं इथे कधी आणि कशासाठी आली’ याला द्या. सोलापुरात १८७० च्या दशकात कापड गिरणी आली, पुढे आणखी गिरण्या निघाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या दुष्काळी गावांतून मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबं आली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुरुष यंत्रमागावर गेले, आणि घरातल्या बायकांच्या मांडीवर विडीचं सूप आलं. पूर्व भागातल्या घरात आजही बाईची कमाई घराच्या आतच का होते, याचं बरंचसं उत्तर या क्रमात आहे.

दुसरं उदाहरण सेटलमेंटचं. इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली आणि तिथल्या माणसांना हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तरी पत्ता सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते अजून गेलेलं नाही. तिथल्या मुलाची शिष्यवृत्ती अडली की ‘पालकांनी कागदपत्रं जपली नाहीत’ असं लिहिणं सोपं असतं. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या आजोबांना शाळेत घातलंच नव्हतं, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला नातू कुठून आणणार? घरची अडचण आणि इतिहास इतके जवळ असतात.

यासाठी ग्रंथालयात जिल्हा गॅझेटियर मिळतं, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात प्रभागाचा नकाशा पाहायला मिळतो आणि जनगणनेचे आकडे पाहता येतात. तिन्ही पाहून एका पानाची टिपणी करा. त्याहून लांब करू नका, वस्तीत गेल्यावर निम्मी बदलावी लागते.

पायरी पहिली : तीन वेळा चालत जा, वही खिशात ठेवून

पहिल्या तीन फेऱ्यांत कोणालाही प्रश्न विचारायचे नाहीत. एक फेरी सकाळी सातला, एक दुपारी दोनला, एक संध्याकाळी सातनंतर. त्यातली एखादी पाण्याच्या दिवशी पडेल असं बघा. सोलापूरच्या बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी वस्तीचं सगळं घड्याळ बदलतं. ज्याने पाण्याचा दिवस पाहिला नाही त्याने वस्ती पाहिली नाही असं आम्ही मानतो.

काय बघायचं? ओट्यावर कोण बसतं आणि कोण घाईने निघून जातं. दुकानाच्या पाट्या किती भाषांत आहेत. देऊळ, मशीद, मंडळाचा फलक, पक्षाचा झेंडा, आणि कोणाच्या घरापुढे रस्ता पक्का आहे. मुली कोणत्या वयापर्यंत गल्लीत खेळताना दिसतात आणि कोणत्या वयापासून दिसेनाशा होतात. घरी येऊन अर्ध्या तासाच्या आत लिहून काढा. दुसऱ्या दिवशी लिहिलं की आठवणीच्या जागी आपली मतं येऊन बसतात.

पायरी दुसरी : कोणत्या दाराने आत शिरायचं

इथे चूक झाली की महिनोन्‌महिने निस्तरावी लागते. नवखा कार्यकर्ता बहुधा पहिल्या भेटलेल्या उत्साही माणसाचा हात धरून आत जातो. तो नगरसेवकाचा कार्यकर्ता असतो किंवा मंडळाचा अध्यक्ष. तो मदत मनापासून करतो, पण तुम्हाला आपल्या नात्यातल्या आणि आपल्या गटातल्या घरांतच नेतो. बाकीची वस्ती तुम्हाला त्याचा माणूस समजते. मग ज्या घरांचं त्याच्याशी वाकडं आहे, ती घरं ‘आमचं सगळं बरं चाललंय’ एवढंच सांगतात.

म्हणून एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या दारांनी ओळख करून घ्या. अंगणवाडी सेविका किंवा आशा ताई हे एक दार, कारण त्यांना घराघरातली मुलं आणि बाळंतिणी ठाऊक असतात. किराणा दुकानदार हे दुसरं, उधारीची वही त्याच्याकडे असते. ती वही मागायची नाही, महिन्याच्या कोणत्या दिवसांत उधारी वाढते एवढं विचारायचं. तिसरं दार समाजातल्या जुन्याजाणत्या माणसाचं. तिघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे खूण करून ठेवा, पुढचं बरंचसं काम त्या खुणांपाशी निघतं.

भाषेचं म्हणाल तर, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात थोरल्या बाईला ‘अक्का’ म्हटलेलं दोन्हीकडे चालतं. मुस्लिम मोहल्ल्यात आपा, खाला. मराठी घरात ताई, मावशी. ‘मॅडम’ म्हणू नका आणि स्वतःला म्हणवून घेऊ नका. घरातली म्हातारी माणसं आपसात आपल्या भाषेत बोलतात, तेव्हा दुभाषा म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला बसवायचा मोह होतो. तो टाळा. आईच्या अडचणी मुलीच्या तोंडून वदवून घेणं त्या दोघींनाही जड जातं, आणि प्रश्न मुलीबद्दलचाच असेल तर उत्तर खरं येतच नाही.

पायरी तिसरी : चुली मोजा, दारं नव्हे

साठ ते ऐंशी घरांचा तुकडा निवडा. मोठ्या कागदावर बायकांच्या गटाकडून नकाशा काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या गटाकडून वेगळा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की फरक दिसतो. बायकांच्या नकाशात नळ, शौचालय, विडी कारखाना आणि अंधाराचा कोपरा असतो. पुरुषांच्या नकाशात चौक, पानटपरी आणि कामाला निघायचा रस्ता असतो. कोणत्याच नकाशात जी घरं आली नाहीत, ती कोणाची आहेत ते शोधा. भाड्याने राहणारी, एकट्या बाईची, किंवा ज्यांच्याशी गल्ली बोलत नाही अशी ती असतात.

मग बारा ते पंधरा घरी सविस्तर भेट. एका भेटीला पाऊण तास पुरे, एका दिवसात दोनच घरं. एका दारामागे दोन चुली असू शकतात आणि एका चुलीवर तीन दारांतली माणसं जेवू शकतात. कुटुंब म्हणजे कोण, हे शिधापत्रिका ठरवत नाही. कोण कोणाच्या हातचं जेवतं आणि कोणाची कमाई कोणाच्या हातात जाते यावर ते ठरतं. नात्यांची आकृती काढताना माहेर विसरू नका. बाईचं माहेर त्याच शहरात आहे की दोनशे किलोमीटरवर, यावर ती नवऱ्याच्या मारापुढे किती काळ गप्प बसेल हे पुष्कळदा ठरतं.

जात थेट विचारू नका. ‘मूळ गाव कोणतं, घरात बोलतात काय, कुलदैवत कुठलं, मुली कुठे दिल्या’ हे विचारलं की माणसं आपणहून सांगतात, आणि त्यातून जातीबरोबर लग्नसंबंधांचा आवाकाही कळतो. आडनावावरून अंदाज बांधू नका. आणखी एक गोष्ट कोणी शिकवत नाही : तुम्ही वस्ती वाचता तसं वस्तीही तुमचं आडनाव वाचत असते. कोणत्या घरात पाणी दिलं, कुठे दिलं नाही, कुठे ‘तुम्ही घ्याल का’ असं विचारून दिलं, हे सगळं नोंदवण्याजोगं असतं.

पायरी चौथी : घड्याळ आणि पैसा

सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे, म्हणून घाई करू नका.

घरातल्या प्रत्येक माणसाचा चोवीस तासांचा पट्टा काढा. ‘दिवसभर काय करता’ असं विचारलं तर ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर येतं. त्याऐवजी कामाला धरून विचारा : ‘अक्का, पान कधी भिजवता? कापायला किती वेळ जातो?’ मग सगळा दिवस उलगडतो. पानं ओल्या फडक्यात मऊ करायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, विडीचं तोंड बंद करायचं. सकाळी माल कारखान्यात द्यायचा, तपासून घेतल्यावर नवं पान आणि तंबाखू घेऊन परतायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि तपासणीत काढून टाकलेल्या विड्या मोजणीत येत नाहीत. पान खराब आलं तर दिलेल्या पानात आकडा भरत नाही, पदरचे पैसे घालून पान आणावं लागतं किंवा खाडा सोसावा लागतो. तोंड बंद करायचं काम हलकं, म्हणून ते मुलीकडे जातं. हा शेवटचा तपशील पट्ट्यात आला नाही, तर आठवीतल्या मुलीचं कोडं सुटणार नाही.

कामाच्या नोंदीत हेही पाहा : विडी कामगाराचं ओळखपत्र बाईच्या नावाचं आहे का, की माल सासूच्या नावावर जातो आणि वळते सून? भविष्य निर्वाह निधी सासूच्या नावावर जमा होत असतो. सूनबाई दहा वर्षं काम करूनही कागदावर कामगार नसते.

पैशासाठी दुसरी आकृती काढा. मधे घर, भोवती भिशी, बचत गट, मायक्रोफायनान्सचा गट, सावकार, दुकानदार, माहेर, यंत्रमागाचा मालक. जिथून आधार मिळतो तिथे जाड रेघ, जिथे ताण आहे तिथे नागमोडी रेघ, आणि पैसा कोणाकडून कोणाकडे जातो त्याचा बाण. मायक्रोफायनान्सच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर येतो. त्यामुळे शेजारीण आधारही असते आणि वसुलीदारही. ही दुहेरी रेघ ज्याला दिसली नाही, तो ‘बायकांचा गट बांधू या’ असं म्हणतो आणि बायका का येत नाहीत याचं नवल करत बसतो.

पुरुष उचल घेऊन कामाला लागला असेल तर तेही विचारा. उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही, आणि मग जादा पाळीला नाही म्हणता येत नाही. ‘नवरा घरात लक्ष देत नाही’ या तक्रारीच्या मागे कधी दारू असते, कधी बारा तासांची पाळी, कधी दोन्ही. आधी पट्टा पाहा, मग ठरवा.

पायरी पाचवी : तारखा शेजारी ठेवा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक भेद मांडला : एका माणसाची अडचण वेगळी आणि समाजाचा प्रश्न वेगळा. शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्याकडे पाहावं, हजारो असतील तर रोजगाराच्या रचनेकडे पाहावं. वस्तीत हा भेद कसा पारखायचा ते आठवीतल्या मुलीवरून पाहू.

वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन हजेरीपटातून तिच्या दोन महिन्यांच्या गैरहजेरीच्या तारखा उतरवा. शेजारच्या रकान्यात त्या भागातल्या पाण्याचे दिवस लिहा. तिसऱ्यात हप्त्याचा वार, चौथ्यात आजारपण, पाहुणे, सण. आता ओळीने वाचत जा. समजा, तेवीस गैरहजेऱ्यांपैकी चौदा पाण्याच्या दिवशी पडल्या आणि पाच हप्त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे मुलीला शाळा नकोशी झालेली नाही. आई पाण्याच्या रांगेत असताना धाकट्याला सांभाळायला आणि विड्यांचा आकडा भरायला घरात दुसरे हात नाहीत.

मग पंधरा घरांतल्या तिच्या वयाच्या सगळ्या मुलींचा असाच तक्ता करा. एकटीचंच असं असेल तर त्या घरात काय वेगळं आहे ते पाहा. निम्म्याजणींचं असेल तर समुपदेशनाचा कागद बाजूला ठेवा.

आणि मग एक काम, जे बहुतेक जण सोडून देतात : तशीच परिस्थिती असूनही जिची मुलगी रोज शाळेत जाते असं घर शोधा. तेवढंच उत्पन्न, तेवढीच मुलं, तेच विडीकाम. तिथे काय आहे? कदाचित वाड्यात आत्या राहते. कदाचित बोअरचं पाणी आहे, किंवा धाकट्याला अंगणवाडीत वेळेवर सोडता येतं. हे घर उपाय दाखवतं, आणि तो उपाय वस्तीला परवडणारा असतो, कारण तो वस्तीतच सापडलेला असतो.

पायरी सहावी : कोणत्या पातळीवर हात घालायचा

कारण घरात असेल तर घरात काम, वस्तीत असेल तर वस्तीत, बाहेर असेल तर बाहेर. वाचायला सोपं आहे, पण बाहेरचं कारण दिसत असूनही कार्यकर्ता घरातच काम करतो, कारण घरातली बाई त्याचं ऐकून घेते आणि कार्यालयातला साहेब घेत नाही.

वरच्या उदाहरणात घराच्या पातळीवर एवढंच करता येतं : पाण्याच्या दिवशी कोण काय करणार याची घरात वाटणी, त्यात बापाचा आणि भावाचा वाटा धरून. वस्तीच्या पातळीवर अंगणवाडीची वेळ, दोन-तीन घरांनी मिळून मुलं सांभाळणं, आणि पाण्याची वेळ शाळेच्या वेळेवर येऊ नये यासाठी विभागीय कार्यालयात बायकांच्या सह्यांचा अर्ज. अर्जासोबत तारखांचा तक्ता जोडा, मुलींची नावं काढून. ‘पाण्याची अडचण आहे’ असल्या अर्जापेक्षा तक्त्याला उत्तर देणं कार्यालयाला भाग पडतं. पोच घेतल्याशिवाय निघू नका. खराब पानाची तक्रार त्याहून वरची, ती एकट्या बाईने केली तर तिचंच काम बंद होऊ शकतं. ती कामगार संघटनेमार्फतच जावी. सोलापुरात विडी कामगारांच्या संघटना जुन्या आहेत. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती संघटनेच्या लढ्यातूनच.

त्याच वसाहतीसमोर उभं राहून आणखी एक प्रश्न विचारायला शिका : या उपायामुळे नवं काय निर्माण होईल? घर शहराबाहेर मिळालं की कारखाना, शाळा, दवाखाना, माहेर यांची अंतरं बदलतात. कोणतीही योजना हाती घेताना ‘यातून कोणाचा वेळ वाढेल, कोणाचा खर्च वाढेल, कोणाचा शब्द पडेल’ हे तीन प्रश्न कागदावर उत्तरासकट लिहा. साठवणीची टाकी दिली तर ती ठेवायला जागा कोणाच्या घरात? मुलीच्या गैरहजेरीबद्दल शाळेवर दबाव आणला तर तिला वर्गात उभं करून बोललं जाणार नाही ना?

थांबायचं कुठे

सगळ्याच ठिकाणी तक्ते करत बसायचं नसतं. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. आधी खातरजमा करू, घरच्यांशी बोलू, असला विचार करू नका. मदतीचे फोन क्रमांक लक्षात ठेवा : मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचारात २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. गल्लीतल्या पंचांसमोर समेट घडवायला जाऊ नका, तिथे बाईला बोलायला जागा नसते. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण तक्रार करायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं, कारण उद्या तिथे राहायचं आहे ते त्यांनी.

नोंद कशी लिहायची

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा : पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. अशी नोंद बघा.

पाहिलं : दुपारी अडीच. मुलगी दाराशी पाठ करून बसलेली, मांडीवर छोटं सूप, शेजारी बालभारतीचं पुस्तक उलटं ठेवलेलं. बोटं न बघता चालतात. आम्ही आल्यावर सूप आत नेलं.

ऐकलं : आई म्हणाली, ‘आजच बसलीय, रोज नाही बसत.’ आजी तेलुगूत काही म्हणाली, आईने भाषांतर केलं नाही.

मला वाटलं : सूप लपवलं म्हणजे शाळेत जायला हवं हे घराला ठाऊक आहे. आजीचं म्हणणं पुढच्या भेटीत भाषा येणारी सहकारी घेऊन ऐकायचं.

पहिल्या परिच्छेदातलं ते ‘महत्त्व पटलेले नाही’ या नोंदीशेजारी ठेवून पाहा. जे घर सूप लपवतं, त्याला महत्त्व पटलेलं आहे. तिसऱ्या रकान्यातलं काहीही पहिल्या रकान्यात सरकू देऊ नका. ‘घर अस्वच्छ’ हे पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे. पाहिलं ते असं : ‘दहा बाय दहाची खोली, पानाचा चुरा जमिनीवर, भांडी भरून ठेवलेलं पाणी.’

नावांऐवजी घर क्रमांक वापरा आणि क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या जागी ठेवा. फोटो काढायचा तर कशासाठी आणि कोण बघणार हे सांगून, आणि ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा न विचारता. काम संपताना नकाशा वस्तीला परत द्या. बायकांनी काढलेला तो कागद अंगणवाडीच्या भिंतीवर लावता आला तर उत्तम. पण त्याआधी कर्जाच्या आणि भांडणाच्या खुणा त्यावरून काढल्यात ना, हे दोनदा तपासा.